वस्तू ३५० रुपयांची, पाठवायला २५०? जुन्या वस्तू ऑनलाइन विकताना कुरिअरचा खर्च असा आवरा

पुस्तके, कपडे, भांडी, मोबाइल... घरातल्या जुन्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळते, पण पाठवणीचा खर्च नफा खाऊन टाकतो. हा खर्च ठरतो कसा, कमी करायचा कसा आणि कोणती वस्तू पाठवूच नये, समजून घेऊया सोप्या भाषेत.

शाळा-कॉलेजचे वर्ष संपले की किंवा दिवाळीची आवराआवर सुरू झाली की मोबाइलवर विक्रीच्या पोस्टचा पूर येतो. नीटची पुस्तके, एमपीएससीचे संच, लहान झालेले स्वेटर, एकदाच नेसलेली साडी, आजीच्या काळातला पितळी डबा. ठाण्यातल्या घरातून टाकलेल्या पोस्टला लातूरहून मेसेज येतो, ‘घ्यायचे आहे, कुरिअर किती?’ आणि इथेच बहुतेक व्यवहार अडतात.

कारण उत्तर अंदाजाने दिले जाते. ‘शंभर-दीडशे होतील’ असे सांगून विकणारा काउंटरवर जातो, तिथे आकडा दुप्पट निघतो आणि फरक स्वतःच्या खिशातून जातो. काही जण धास्तीने आधीच मोठा आकडा सांगतात, मग घेणारा परत मेसेजच करत नाही. वस्तू पुन्हा माळ्यावर जाते किंवा रद्दीवाल्याकडे.

पाठवणीचा खर्च काउंटरवर कळतो, पण ठरतो त्याच्या बराच आधी. तुम्ही कोणता खोका निवडता, काय काय एकत्र बांधता आणि कोणत्या मार्गाने पाठवता, यावर. म्हणूनच जुन्या वस्तूंच्या विक्रीत एक नियम पाळला तर निम्मी कटकट संपते. आधी बांधा, मोजा, मग जाहिरात टाका.

खर्च नेमका कशावर ठरतो?

कुरिअर असो वा पोस्ट, दर काढताना साधारण पाच गोष्टी पाहिल्या जातात.

• वजन : बांधून झालेल्या पार्सलचे, नुसत्या वस्तूचे नाही.
• आकार : खोका किती जागा अडवतो.
• अंतर : त्याच शहरात, राज्यात की देशाच्या दुसऱ्या टोकाला.
• वेग : विमानाने की रस्त्याने.
• वरचे आकार : १८ टक्के जीएसटी, घरून पार्सल नेण्याचे शुल्क, आडगावासाठीचा जादा आकार, विमा.

यातल्या अंतरावर तुमचा ताबा नाही. बाकी चारही गोष्टी बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहेत. त्यातली सर्वांत जास्त पैसे खाणारी आणि सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे आकार.

हलकी वस्तू महाग का पडते?

ट्रकमध्ये किंवा विमानात जागा मर्यादित असते. कापसाने भरलेला मोठा खोका हलका असला तरी तेवढी जागा अडवतोच. म्हणून कुरिअर कंपन्या दोन वजने काढतात. एक काट्यावरचे खरे वजन, दुसरे व्हॉल्युमेट्रिक म्हणजे आकारमानावरून काढलेले वजन. या दोन्हींत जे जास्त, त्यावर बिल.

सूत्र सोपे आहे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ५,००० ने भागा. उत्तर किलोमध्ये येते. ५,००० हा आकडा बहुतेक ठिकाणी चालतो. काही कंपन्या ४,५०० किंवा ४,००० नेही भागतात आणि भाजक लहान झाला की बिल वाढते. म्हणून दर विचारताना ‘व्हॉल्युमेट्रिकला कितीने भागता?’ हा प्रश्नही विचारा.

एक उदाहरण घेऊ. थंडीचे एक जाडजूड जॅकेट आहे, वजन १.१ किलो. ते घरात सापडलेल्या ४० × ३० × २० सेंमीच्या खोक्यात घातले.

४० × ३० × २० = २४,०००
२४,००० ÷ ५,००० = ४.८ किलो

म्हणजे सव्वा किलोच्या आतल्या जॅकेटला बिल ५ किलोचे. आता तेच जॅकेट घट्ट घडी करून, हवा दाबून काढून कुरिअरच्या प्लास्टिक पिशवीत भरले. पाकीट झाले ३२ × २८ × ८ सेंमीचे.

३२ × २८ × ८ = ७,१६८
७,१६८ ÷ ५,००० = १.४३ किलो

आता बिल दीड किलोचे. वस्तू तीच, गाव तेच, कंपनी तीच. फक्त आतली हवा काढली आणि बिलातले साडेतीन किलो गेले.

लक्षात ठेवायला एक सोपी खूण. ५,००० ने भागणे म्हणजे दर पाच लिटर जागेला एक किलो धरणे. खोका पाहून मनात विचारा, यात पाच लिटर पाणी मावेल एवढ्या जागा किती? दोन असतील तर किमान दोन किलोचे बिल येणार, आत पिसे असोत की पुस्तके.

यावरून घरातल्या वस्तूंचे सरळ दोन गट पडतात. सॉफ्ट टॉय, उशा, जॅकेट, स्कूल बॅग, दिव्याची शेड या ‘फुगीर’ वस्तू. यांच्यात आकार कमी करण्यावर भर द्या. पुस्तके, पितळी-तांब्याची भांडी, इस्त्री, डंबेल्स या ‘जड’ वस्तू. यांच्यात खरे वजनच मोजले जाणार, म्हणून स्वस्त मार्ग शोधण्यावर भर द्या.

२० ग्रॅमसाठी अर्ध्या किलोचे पैसे

कुरिअरचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. बहुतेक ठिकाणी हा टप्पा ५०० ग्रॅमचा असतो. पार्सल १,००० ग्रॅम भरले तर एक किलोचा दर, १,०२० ग्रॅम भरले तर दीड किलोचा. वरच्या २० ग्रॅमसाठी तुम्ही अर्ध्या किलोचे पैसे मोजता.

हे २० ग्रॅम येतात कुठून? जाड खोका, गुंडाळलेली चार वेढे टेप, आत कोंबलेली वर्तमानपत्रे यांतून. लहान खोक्याचे वजनही सहज शंभर-दीडशे ग्रॅम भरते. म्हणून वस्तू टप्प्याच्या काठावर असेल तर खोक्याऐवजी पिशवी, वर्तमानपत्राऐवजी बबल रॅप वापरून पाहा. बबल रॅप जवळजवळ हवाच असतो.

घरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर उत्तम. नसेल तर कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार पार्सल काट्यावर ठेवायला नाही म्हणत नाही.

याच टप्प्यांचा फायदाही घेता येतो. पहिल्या अर्ध्या किलोचा दर सर्वांत जास्त असतो, कारण पार्सल उचलणे आणि दारापर्यंत नेणे हा खर्च त्यात धरलेला असतो. पुढचे प्रत्येक अर्धे किलो तुलनेने स्वस्त पडते. त्यामुळे एकाच गिऱ्हाइकाला दोन वस्तू विकल्या तर एकत्रच पाठवा. जाहिरातीतही ‘दोन घेतल्यास कुरिअर एकाचेच’ असे लिहिता येते. ‘एकाच मापाचे तीन कुर्ते’, ‘अकरावी-बारावीचा पूर्ण संच’ असे गठ्ठे करून विकणे दोघांनाही परवडते.

पुस्तके पाठवताय? आधी पोस्टात जा

जुन्या वस्तूंच्या बाजारात पुस्तकांचे स्थान वेगळे आहे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तके मिळतात, पण तालुक्याच्या गावातल्या विद्यार्थ्याला तिथवर येणे परवडत नाही. त्याच्यासाठी ऑनलाइन जुना संच हाच स्वस्त पर्याय. आणि पुस्तके जड. कुरिअरच्या खर्चाने हा व्यवहार मोडला तर नुकसान दोघांचे.

टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठीची ही सवलतीची सेवा. ३०० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला २० रुपये आणि ५ किलोपर्यंत कमाल १०० रुपये, कर वेगळा. म्हणजे साडेचार किलोचा स्पर्धा परीक्षेचा संच करासह सव्वाशेच्या आत देशात कुठेही जातो. पार्सल रस्ता-रेल्वेमार्गे जाते, त्यामुळे वेळ लागतो, पण ट्रॅकिंग मिळते.

काही अटी मात्र ध्यानात ठेवा.

• पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असायला हवे. पहिली पाने फाटलेली प्रत असेल तर अडचण येऊ शकते.
• नियतकालिके आणि जाहिराती असलेले साहित्य यात बसत नाही. त्यामुळे जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ज्ञान पोस्टाने पाठवायला जाऊ नका. त्यासाठी साधे पार्सल करा.
• पाकिटावर ‘ज्ञान पोस्ट’ असे ठळक लिहा आणि काउंटरवर नाव घेऊन मागा. ‘पुस्तके पाठवायची आहेत’ एवढेच म्हटले तर दुसऱ्या सेवेचा दर लागू शकतो.
• पुस्तकांसोबत दुसरे काहीही घालू नका. कंपास, कॅल्क्युलेटर, चिठ्ठी, काहीही नाही.

हस्तलिखित नोट्स किंवा झेरॉक्स हे पुस्तक नव्हे, दस्तऐवज. त्यासाठी स्पीड पोस्ट बघा. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टच्या दस्तऐवजांचे दर बदलले आहेत. २५१ ते ५०० ग्रॅमच्या पाकिटाला त्याच शहरात २८ रुपये, २०० किलोमीटरपर्यंत ७० रुपये आणि २,००० किलोमीटरपुढे ९३ रुपये, जीएसटी वेगळा. ए-फोर आकाराची नेहमीची १०० पाने साधारण ४७० ग्रॅम भरतात. म्हणजे पाकीट धरून शंभराच्या आत पाने ठेवलीत तर याच टप्प्यात बसतात. पाठपोट झेरॉक्स असेल तर १०० पानांत २०० बाजूंचा मजकूर जातो.

टपाल खात्याने याच वेळी विद्यार्थ्यांसाठी स्पीड पोस्टच्या दरात १० टक्के सवलतही जाहीर केली आहे. कॉलेजचे ओळखपत्र घेऊनच काउंटरवर जा.

पोस्ट, कुरिअर की एसटी?

सरसकट ‘हे स्वस्त, ते महाग’ असे उत्तर नाही. वस्तू आणि गाव बघून निवड करावी लागते.

पोस्ट : गावखेड्यात माल जायचा असेल तर पोस्टाला पर्याय कमी. आडगावासाठी खासगी कुरिअर जादा आकार लावतात किंवा तालुक्याच्या ठिकाणाहून येऊन घेऊन जा म्हणतात. पोस्टमन मात्र दारात जातो. दर इंडिया पोस्टच्या संकेतस्थळावर पिनकोड आणि वजन टाकून आधीच पाहता येतो. अडचण एवढीच की पार्सल बहुधा तुम्हालाच नेऊन द्यावे लागते.

खासगी कुरिअर : शहरातून शहरात, विशेषतः मुंबई-पुणे-बेंगळुरू-दिल्ली अशा मोठ्या मार्गांवर चांगला दर मिळतो. काउंटरवर गेल्यावर बरेचदा न विचारता जलद सेवेचा दर सांगितला जातो. ‘सरफेसने किती?’ असे स्पष्ट विचारा. जुन्या जीन्सला विमानाने जायची घाई नसते. दोन दिवस जास्त लागतील हे गिऱ्हाइकाला आधी सांगितले की बहुतेक जण तयार होतात.

अनेक कुरिअरचे दर एकत्र दाखवणारी संकेतस्थळे : यांना मोठ्या प्रमाणावर कामामुळे सवलतीचे दर मिळतात आणि त्यातला काही भाग ग्राहकापर्यंत येतो. महिन्याला पाच-सहा पार्सल पाठवत असाल तर इथे खाते उघडणे फायद्याचे. ओळखपत्राची पडताळणी मात्र करावी लागते. सुरुवातीला रिचार्ज मागतात, तो कमीत कमी रकमेचा करा.

एसटी : राज्यातल्या राज्यात, विशेषतः जड पार्सलसाठी एसटीची पार्सल सेवा विचारात घ्या. पार्सल एका बसस्थानकातून दुसऱ्या बसस्थानकात जाते. घेणाऱ्याला तिथे जाऊन आणावे लागते. दर स्थानकातल्या पार्सल कार्यालयात कळतो. खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतूनही वस्तू जातात, पण पावती मिळत नसेल तर हरवल्यावर दाद कुठेच मागता येत नाही. किमती वस्तू असा प्रवास करून पाठवू नका.

त्याच शहरात : बाइकवरून पार्सल पोहोचवणारी ॲप आता मोठ्या शहरांत आहेत. गर्दीच्या वेळी दर चढतो, म्हणून दुपारी बुकिंग करा. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे दोघांच्या रोजच्या वाटेवर भेटणे. दादर स्थानक, स्वारगेट, मेट्रोचा एखादा थांबा. पाठवणीचा खर्च शून्य आणि घेणारा वस्तू हाताळून घेतो, त्यामुळे नंतरची तक्रारही नाही.

पिनकोडवरून अंदाज

मेसेजमध्ये पत्ता येण्याआधी पिनकोड मागा. पहिला अंक ४ असेल तर गिऱ्हाईक महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडमधले. म्हणजे अंतर आवाक्यात. ७ असेल तर पश्चिम बंगाल, ओडिशा किंवा ईशान्य भारत. तिथल्या डोंगराळ भागांचा दर बराच वाढतो. फुगीर आणि स्वस्त वस्तू असेल तर जाहिरातीतच ‘फक्त महाराष्ट्रात पाठवले जाईल’ असे लिहा. उगाच पन्नास मेसेजना उत्तरे द्यावी लागत नाहीत.

खोका विकत घेऊ नका, पण टेपवर कंजुषी नको

नवा खोका, बबल रॅप, टेप हे सुटे विकत घेतले तर तीस-चाळीस रुपये सहज जातात. ऑनलाइन खरेदीच्या पार्सलचे खोके आणि बबल रॅप जपून ठेवा. औषधांच्या आणि स्टेशनरीच्या दुकानात लहान, मजबूत खोके मिळतात. वापरलेल्या खोक्यावरचा जुना पत्ता आणि बारकोड पूर्ण काढून टाका, नाहीतर पार्सल भलत्याच गावी फिरून येईल.

खोका मोठा असेल तर कापा. चारही कोपऱ्यांवर वस्तूच्या उंचीपर्यंत उभी चीर द्या आणि बाजू आत दुमडा. वर पाहिलेल्या ४० × ३० × २० च्या खोक्याची उंची १२ केली तर आकारमानी वजन ४.८ वरून २.८८ किलोवर येते. पाच मिनिटांचे काम, दोन किलोची बचत.

काही ठिकाणी मात्र हात आखडता घेऊ नका. पुस्तकांची खरेदी-विक्री जूनमध्ये जोरात असते आणि तेव्हाच पाऊसही. पुस्तके आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळा, मग खोक्यात घाला. काचेची वस्तू असेल तर सगळ्या बाजूंनी दोन बोटे तरी मऊ भरणा हवा. खोक्याच्या सांध्यांवर टेप दुहेरी मारा. १० रुपयांची टेप वाचवून हजाराची वस्तू फुटली तर ती बचत नव्हे. कागदावर लिहिलेला पत्ता पावसात पुसतो, म्हणून त्यावरही पारदर्शक टेप लावा आणि पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आत ठेवा. अपवाद ज्ञान पोस्टचा.

दिसत नाहीत असे खर्च

पुन्हा मोजणी : तुम्ही ॲपवर टाकलेले वजन कुरिअर कंपनी हबमध्ये पुन्हा तपासते. फरक निघाला तर जादा पैसे नंतर वळते होतात. म्हणून बांधलेले पार्सल काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा फोटो काढा. मोजपट्टी लावून तिन्ही बाजूंचेही फोटो घ्या. दाद मागताना हाच पुरावा.

परत आलेले पार्सल : पत्ता अपुरा, फोन बंद किंवा ‘आता नको’ असे म्हटले की पार्सल उलट्या पावली येते. खासगी कुरिअर परतीचेही पैसे लावतात. घरपोच रोख घेण्याच्या पद्धतीत हा धोका सर्वांत जास्त, कारण घेणाऱ्याचे काहीच अडकलेले नसते. जुन्या वस्तूंसाठी पैसे आधी घ्या. ते शक्य नसेल तर निदान पाठवणीचा खर्च तरी आधी घ्या.

भरपाई : स्पीड पोस्टचे पार्सल हरवले तर भरपाईची मर्यादा भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम, अशी राहिली आहे. म्हणजे १२० रुपये शुल्क भरले असेल तर २४० रुपये. सहा हजारांचा मोबाइल असेल तर हे काहीच नाही. खासगी कुरिअरच्या पावतीमागेही बारीक अक्षरांत अशीच मर्यादा छापलेली असते. किमती वस्तूला विमा घ्या आणि वस्तूची किंमत खरी लिहा. विम्याचे पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

जाणे-येणे : काउंटरपर्यंतचे रिक्षाभाडे हाही पाठवणीचाच खर्च. आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि सगळी पार्सल एकदम नेऊन द्या.

कोणती वस्तू पाठवूच नये?

समजा, जुना स्टडी लॅम्प ३५० रुपयांना विकला. कुरिअर १८०, खोका-टेप ३०, रिक्षा ४०. हातात उरले १००. तोच दिवा सोसायटीच्या ग्रुपवर २५० ला टाकला असता तर २५० च मिळाले असते, शिवाय फुटण्याची धास्ती नाही. म्हणजे कधीकधी किंमत कमी करून जवळ विकणे हाच सर्वांत फायद्याचा सौदा.

सोपा ठोकताळा असा. पाठवणीचा सगळा खर्च वस्तूच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त होत असेल तर ती वस्तू जवळपासच विका. फर्निचर, मुलांची सायकल, कूलर, काचेचे शोपीस, कुंड्या या वस्तू जवळजवळ नेहमीच याच यादीत येतात. जाहिरातीत ‘येऊन घेऊन जावे’ असे स्पष्ट लिहा.

मोठ्या वस्तूंत दुचाकीचा अपवाद. ती रेल्वेने पाठवता येते. तिकिटासोबत नेली तर लगेज, तुम्ही न जाता पाठवली तर पार्सल. आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागते, टाकीतले पेट्रोल पूर्ण काढावे लागते आणि गाडी नीट बांधून द्यावी लागते.

बॅटरीच्या वस्तूंबाबत सावध राहा. लिथियम बॅटरीवर हवाई वाहतुकीत निर्बंध आहेत. पॉवर बँक किंवा सुटी बॅटरी न सांगता खोक्यात घातली तर पार्सल मध्येच अडकते. मोबाइल, लॅपटॉप विकताना काउंटरवर तसे सांगा आणि रस्त्याने जाणारी सेवा निवडा. परफ्यूम, तेल, सॅनिटायझर असे ज्वलनशील किंवा गळणारे पदार्थ पाठवूच नका.

खर्च कोणाचा? हे आधी लिहा

‘पाठवणी मोफत’ असे लिहिले की प्रतिसाद जास्त येतो, पण तो खर्च तुम्हाला किमतीत धरावा लागतो. लहान, ठरावीक वजनाच्या वस्तूंना हे जमते. साडी, एखादे पुस्तक, मोबाइलचे कव्हर. जड किंवा मोठ्या वस्तूंना मात्र दोन आकडे वेगळे लिहा. उदाहरणार्थ, ‘संच ९०० रुपये. वजन बांधून ४.२ किलो. ज्ञान पोस्टाने पाठवणार, प्रत्यक्ष पावतीप्रमाणे.’ अशा जाहिरातीत घासाघीस कमी होते, कारण घेणाऱ्याला दिसते की आकडा हवेतला नाही. पावतीचा फोटो आणि ट्रॅकिंग नंबर त्याच दिवशी पाठवा.

आणि फसवणूक?

पाठवणीच्या नावाखाली विकणाऱ्यालाच लुबाडण्याचे प्रकार सर्रास होतात. सैन्यदलात असल्याचे सांगून भाव न करता वस्तू ‘पसंत’ केली जाते, मग ‘माझा कुरिअरवाला येईल, तुम्ही फक्त विम्याचे पैसे भरा’ असा निरोप येतो. कधी क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, पैसे मिळतील’ असे सांगतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट खरा धरू नका, बँकेचे ॲप उघडून खात्री करा, मगच पार्सल सोडा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

जाहिरात टाकण्याआधी एवढे करा

१. वस्तू आधी पूर्ण बांधा. बांधतानाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा.
२. काट्यावर वजन आणि मोजपट्टीने तिन्ही बाजू मोजा, दोन्हींचे फोटो घ्या.
३. लांबी × रुंदी × उंची ÷ ५,००० करा. खऱ्या वजनाशी तुलना करा.
४. आकारमानी वजन जास्त निघाले तर खोका कापा किंवा पिशवी वापरा.
५. टप्प्याच्या थोडे वर असाल तर भरणा हलका करा.
६. पुस्तके असतील तर आधी ज्ञान पोस्ट तपासा.
७. जवळच्या, मधल्या आणि लांबच्या अशा तीन पिनकोडचे दर काढून ठेवा.
८. एकूण खर्च किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त असेल तर फक्त जवळपास विका.
९. मोबाइल-लॅपटॉपमधला डेटा पुसा, खात्यांतून बाहेर पडा, आयएमईआय क्रमांक लिहून ठेवा.

पहिल्या पार्सलला या सगळ्यात अर्धा तास जाईल, पाचव्याला दहा मिनिटे पुरतील. मग ‘कुरिअर किती?’ या प्रश्नाला ‘बघून सांगतो’ऐवजी नेमका आकडा देता येईल. विकत घेणाऱ्याला तोच हवा असतो.